व्हय म्हाराजा

खारवंडच्या तरीवर चाळीस वर्षं वल्हं मारतोय मी.
माझं पोट हाकेवर चालायचं.
पल्याडून कुणी तोंडाशी हाताचा द्रोण धरून
"तारीऽऽ" म्हटलं, की सुंभ सोडायचा.

शाणू पागी तेव्हा नऊ वर्षांचा.
फुकटात यायचा. नाळेवर बसून
पाण्यावरून सरपटत येणारी हाक
करवंटीत झेलायचा, कान लावायचा, हसायचा.
म्हटलं, पोर आहे. पोरं शिंपल्या गोळा करतात.

पुढे एका वर्षी तांडेलाची होडी खडपात अडकली.
शाणूनं एक करवंटी फोडली
आणि समुद्र, नावानं बोलावलेल्या कुत्र्यासारखा,
उठून खडपाकडे गेला.
होडी तांडेलाच्या खळ्यात येऊन टेकली
तुळशीला धक्काही न लागता.
"पैसे नको. तुझी हाक तेवढी दे, तांडेला."
हाक ती काय! वाऱ्याला कुणी भाव लावतं?
तांडेल नंतरही बोलायचा, शिव्या द्यायचा, तंबाखू मागायचा.
फक्त सांजेला दारात उभा राहून
लेकीला बोलवायला तोंड उघडायचा
आणि आतून नुसती हवा यायची.

मग रांग लागली.
खोताची म्हैस. द्वारकीचा ताप.
मिठागराचा फुटलेला बांध.
काम प्रत्येकाचं झालं, खोटं कशाला बोलू,
शाणू शब्दाला पक्का.
बेटावरच्या पडक्या किल्ल्यात
मेणानं तोंड बंद केलेल्या करवंट्या टांगल्या जाऊ लागल्या.
ओहोटीच्या रात्री त्या आतून घुमायच्या.
भरती त्याला विचारून येऊ लागली:
नावडत्याच्या खाजणात खारं पाणी,
आवडत्याच्या जाळ्यात सरंगा.

शिमग्याला सगळा गाव मांडावर.
होळी उभी. ढोल थांबले.
गुरव नारळ घेऊन पुढे झाला, गाऱ्हाण्याला तोंड उघडलं,
"बा देवा" एवढंही फुटेना.
(नातवाचा पाय. पावसाआधीच बरा झाला होता.)
तेव्हा शाणू गर्दीतून आला,
नारळ म्हाताऱ्याच्या हातातून अलगद काढून घेतला
आणि स्वतःच सुरू झाला:
"ह्या गावची भरती माझी, ओहोटी माझी..."
आम्ही, सवय हो, दुसरं काय,
"व्हय म्हाराजा!"
"तुमची पोरं माझ्या पाण्यावर वाढतील..."
"व्हय म्हाराजा!"
"पल्याड पळेल त्याची वाट बुडेल..."
इथे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार.
पण बाजूच्याला थांबवायचं
तर आधी हाक मारावी लागते.
"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. राजा झाला.
तलवार नाही, फौज नाही.
मुकुटसुद्धा मागाहून आला, कालवांच्या शिंपांचा,
आम्हीच घासूनपुसून दिलेला.

माझी हाक?
दिली ना मीही.
होडीच्या बुडाला भोक होतं, सुपारीएवढं.
राळ महाग झाली होती.

आता तरीवर बगळे बसतात.
काल अवसेला मात्र पलीकडच्या काठावर
कुणीतरी चूड पेटवून उभं होतं.
बाई की बाप्या, दिसेना.
चूड वर जायची, खाली यायची,
पुन्हा वर.
बेटावर करवंट्या घुमत होत्या
आणि त्यात एक आवाज
माझ्या ओळखीचा वाटला, तरणा, खणखणीत.
मी सुंभ सोडला.