तिऱ्हाईत

पहाटे पावणेचारला कुचेकरांचा फोटो आला.
काळा पडदा, पांढरी अक्षरं, मधोमध ट्यूबलाइटची तिरीप.
खाली मेसेज : "आरआयपी लिवलंय. कोण गेलं?"

कोणी नाही, कुचेकर.
मरताना बोट कुठल्या ओळीवर होतं,
तेवढंच सांगतंय ते.

गुलटेकडीला पोचलो तर काट्यापासून टेम्पोंची रांग
पार मार्केट यार्डाच्या गेटाबाहेर.
सासवडचा एक ड्रायव्हर, अंजिरं मऊ पडत चाललेली,
माझ्या आईपर्यंत पोचला होता.

ट्रेस मी वरून खाली वाचतो,
म्हणजे मरणापासून मागे मागे.
एकेका नावाला विचारतो, तुला कुणी बोलावलं?
कर्नलची माणसं सगळी ओळखीची.
मध्येच एक, चौकटी कंसात बसलेलं,
काटेवाल्या कंपनीचं मॉड्यूल.
आणि वर कर्नलचा शेरा : टेंटेड.

"मराठीत काय म्हणायचं ह्याला? डाग लागलेला?"
"बाटलेला," कुचेकर मागून म्हणाले,
आणि उगाच कीबोर्डवरची धूळ पुसू लागले.

मॉड्यूल उपटलं. यंत्र शांत.
पण काटा आंधळा झाला. शून्यसुद्धा दाखवेना.
कंपनीचा फोन म्हणे, कार्यालयीन वेळेत संपर्क साधा.

मग दिसलं.
रविवारी कुणीतरी कर्नल बदलला होता.
कुणीतरी म्हणजे मीच.
घरातल्या खोल्या मी इकडच्या तिकडे केल्या
आणि ह्याला काही कळवलं नाही.
उंबऱ्यावर अडला, तर फोर्स लिहून आत ढकलला.
तो बिचारा अंधारात, जुन्या सवयीनं,
जिथे माठ असायचा
तिथे हात घालत होता.

सोर्सची सीडी निघाली ड्रॉवरमध्ये,
पावती-पुस्तकं आणि तंबाखूच्या पुडीखाली.
नव्या हेडरांवर पुन्हा बांधला. चार वॉर्निंगा आल्या, तीन वाचल्या.
पाच वीसला कुचेकर स्वतःच काट्यावर उभे राहिले.
साठ.
"पासष्ट हाय मी."
"हा दहा-दहानंच मोजतो."
"मंग बरोबर हाय," म्हणाले, आणि अंजिरांना हात केला.

लॉगमध्ये शेरा तसाच आहे.
नीट बसवलं तरी बाहेरचं ते बाहेरचं,
कर्नल तशी नोंद ठेवतो
आणि काम करू देतो.

निघताना गेटावरची वही.
नाव, वेळ, कुणाकडून.
शेवटच्या रकान्यात वॉचमननं
मला न विचारताच लिहून ठेवलं होतं :
थर्ड पार्टी.