रंग जुळत नाही

औलूत दुपारी तीनलाच अंधार.
इर्मेली नवा बोर्ड जोडते, कर्नल पुन्हा उठवते.
आता मेमरीच्या दर सोळा बाइटांना एक रंग,
तिथे जाणाऱ्या पॉइंटरच्या माथ्यावरही तोच.
जुळला तर आत. नाही तर
प्रोसेसरच मनगट धरतो, भीडभाड न ठेवता.

आई नाटकगृहात कोट सांभाळायची.
बिल्ल्यावर आकडा, खुंटीवर आकडा;
महापौर असला तरी बिल्ल्याशिवाय कोट नाही.

तिसरी कॉफी गार होता होता
स्क्रीन थांबला.
नेटवर्कचा ड्रायव्हर, ओळ चारशे बारा:
केव्हाच मोकळी केलेली जागा,
तिथे आता दुसऱ्याच कुणाचा पासवर्ड राहायला आलेला,
आणि हा जुना पॉइंटर
अकरा वर्षं बिनदिक्कत ये-जा करत होता.
ओळीखाली नाव तिचंच.

जागा सोडलीस की पत्ता पूस.
दुरुस्ती एवढीच.

बाहेर उणे बावीस. सायकलच्या कुलपाशी
हातमोजा काढून ती जुडगा चाचपडते.
आधी हाताला लागते ती पितळी, लांबट,
आईच्या फ्लॅटची.
फ्लॅट विकून दोन हिवाळे झाले.
कुलूप त्यांनी बदललं असेलच.
असेल ना?

सायकलची किल्ली तिच्याच मागे असते.