जाड रेघेचं वर्तुळ

पातळ रेघेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात.
जाड रेघेचं म्हणजे शेवट.
एवढं पहिल्या संध्याकाळी पाठ झालं,
हल शहरात, कौन्सिलच्या चौथ्या मजल्यावर,
हीटर सहाला बंद होतो म्हणून कोट घालूनच.

अकरा वर्षं मी कोड लिहिला:
जर, नाहीतर, तोवर.
आता म्हणतात, आधी प्रक्रियेचं चित्र काढ.
चौकोन म्हणजे काम,
शंकरपाळी म्हणजे निर्णय,
आणि तरणतलावासारखे आडवे पट्टे,
ज्याने त्याने आपल्या पट्ट्यात राहायचं.
या सगळ्यातून एक सोंगटी फिरते.
तिला टोकन म्हणायचं.

माझी पहिली प्रक्रिया: भाडेकरूच्या घरात ओल.
तक्रार, पाहणी, शंकरपाळी,
गवंडी, बिल, जाड वर्तुळ.
भाडेकरूकडून बहात्तर तासांत उत्तर नाही आलं
तर घड्याळाचं चिन्ह आपणहून प्रकरण मिटवतं.
त्या घड्याळाचा मला
जरा जास्तच अभिमान होता.

मग जुनी प्रकरणं आत ओतली
आणि एक सोंगटी हलेना.
दोनशे चौदा दिवस एकाच चौकोनात,
घड्याळ दर वेळी नव्याने सुरू.
माशी कुठे शिंकली म्हणून लॉग उपसले,
फ्रेमवर्कची आवृत्ती बदलली,
इंजिन दोनदा पाडलं, दोनदा उठवलं.
कुठेतरी पाणी मुरतंय, मी पुटपुटले,
आणि एकटीच हसले.

शेवटी खाली गेले, ग्लेनिसकडे.
एकतीस वर्षं दुरुस्ती विभागात.
चित्रात तिच्या पट्ट्यावर मी लिहिलं होतं: कारकून.
तिने चष्मा खाली ओढून आकडा वाचला.
"पॉडमोर. हेसल रोडच्या मागे.
भिंत केव्हाच कोरडी झाली गं.
दर गुरुवारी फोन करतात, ओल कशी आहे सांगायला.
मी परत 'पाहणी बाकी' करते.
बंद केलं, तर कशाच्या नावाने करतील फोन?"

गुरुवारी मी काहीतरी निमित्त काढून खाली थांबले.
पावणेअकराला वाजला.
ती ऐकत होती, पेन्सिलीने
कागदावर गोल काढत,
त्याच गोलावरून पुन्हा, पुन्हा,
रेघ जाड होत चाललेली.
मग हात थांबला.
"आणि छताला?" तिने विचारलं,
"छताला नाही ना आलीय थोडी?"

मॅन्युअलच्या पान दोनशे सहावर
एक तुटक रेघेचं वर्तुळ सापडलं:
मुख्य काम न अडवता
बाजूला काहीतरी होत राहतं, त्यासाठी.
ग्लेनिसच्या चौकोनाच्या कडेला ते चिकटवलं.
आत घड्याळ: दर गुरुवारी.
कारकून खोडून तिचं नाव लिहिलं.

रिव्ह्यूला टोबायस झूम करत करत तिथे पोचला.
"हा बाण कुठे जातो?
पुढे काहीच नाही."

मी चित्राकडे पाहिलं.
म्हटलं, पाहणी बाकी आहे.