कुसळ

कार्तिकात सड्यावर गवत कापताना
तिरफळ तीनदा शिंकला.
जांभ्यावर रक्ताचा थेंब पडला,
मुगाच्या दाण्याएवढा.
मी हसून म्हटलं, "सर्दी झाली रे राजा?"
आणि पुढची पेंढी बांधली.

हे गवत आंब्याच्या पेट्यांत जातं,
फळाला डाग पडू नये म्हणून.
शेकड्याचा भाव आधी ठरतो.
कुसळं कुणी मोजत नाही,
ती फुकट येतात
पदराला, पायमोज्यांना,
कुत्र्याच्या ओल्या नाकाला.

मार्गशीर्षभर तो बरा होता.
म्हणजे मला तसं वाटलं.
पुळणीवर कुर्ल्यांमागे धावायचा,
रापण ओढणाऱ्यांच्या पायांत यायचा,
तारल्या खाऊन घरभर वास मारायचा.
तेवढ्यात आत काहीतरी चाललं होतं,
तांदळाच्या कणीएवढं.
कुसळाला उलटे दात असतात.
श्वास आत गेला की ते एक पाऊल पुढे,
श्वास बाहेर आला की तिथंच.

पौषात तो डावीकडे वळू लागला.
नुसता डावीकडे.
मध्ये तुळस नाही, खांब नाही,
अंगणात कशालाच प्रदक्षिणा.
ताटलीतली उजवीकडची भाकरी त्याला दिसेना.
मग भिंतीला कपाळ टेकून तासभर उभा,
मास्तरांनी विसरलेल्या पोरासारखा.

जैतू घवाळी काठी घेऊन आला.
"पिसालला गो. पोरांना चावंल. बाजूला हो."
त्याचंही खोटं नव्हतं. त्यानं चुलत्याला
पाण्याचा तांब्या बघून किंचाळताना पाहिलं होतं.
मी तांदळाच्या डब्यातून लसीचं कार्ड काढलं,
दोन शिक्के, तारखांसकट.
काठीला वाचता येत नाही,
जैतूला येत होतं. तो पायरीवर बसला
आणि बोटानं अक्षरं लावत राहिला.

शेवटी त्याच्याच टेम्पोतून रत्नागिरी.
मुकादम डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली,
मान हलवून बघितली,
मग मलाच विचारलं, "कधी शिंकला होता का?"
पोराची जन्मतारीख सांगावी तसं मी सांगितलं:
कार्तिक, द्वादशी, सड्यावर, तीनदा.
मेंदूत पू झालाय, त्या म्हणाल्या,
नाकातून काही गेलं असेल,
आतलं बघायचं यंत्र इथं नाही.
सुया देऊन पाहू.

अकरा दिवस सुया दिल्या.
चौथ्या दिवशी शेपूट हलली.
तेवढंच.

नंतर त्यांनी मला विचारून उघडून पाहिलं.
औषधाच्या रिकाम्या बाटलीत
पिवळं, सरळ, टोकदार.
माझ्याच विळ्याखालचं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात.
मला तर थेंबही दिसला होता.

यंदा घवाळ्यांची कुत्री माझ्या मागून सड्यावर येते.
संध्याकाळी मी तिला मांडीवर धरते,
कान उलटे करून बघते, बोटांच्या बेचक्या,
नाकपुड्या दिव्यासमोर.
ती कंटाळते, गुरगुरते, जैतू हसतो.

रुतलेलं कुसळ मागे ओढून निघत नाही.
ते ज्या वाटेनं निघालंय
त्याच वाटेनं पुढे सारून काढावं लागतं.
काल तिच्या पंजातून एक निघालं.
मी ते चुलीत टाकलं.
विस्तवातही ते वळवळलं
आणि थोडं पुढे सरकलं.