आडव्या रेघा

पहिल्याच चित्रात दिसल्या.
आडव्या, बारीक, सारख्या अंतरावर,
मृगाच्या बाणाखाली तो धुरकट ढग आहे ना,
त्यावरून कुणी फणी फिरवावी तशा.
दाजी पेठेतली गच्ची, जानेवारी, रात्रीचा दीड.
खाली गुंडेटींच्या कारखान्यात सोळा माग
खटक खटक खटक.
मी म्हटलं, सापडला चोर.

मी टॉवेलच्या कंपनीत तपासनीस आहे.
काचेच्या टेबलावरून कापड ओढायचं,
खालून उजेड येतो,
सुटलेला बाणा, तेलाचा डाग, गाठ,
खडूनं गोल करायचा.
बावीस वर्षं. मला दोष आधी दिसतो, कापड नंतर.

तरी पद्धतीनं गेलो.
दुर्बिणीच्या तोंडावर टोपण,
टोपणावर आपली निळी चादर, मोराची,
आणि काढला काळोखाचा फोटो.
काळोखातही रेघा.
म्हणजे आकाश निर्दोष.
बरं झालं, त्याची तक्रार नेणार कुठं होतो?

केबल बदलली. आखूड घेतली, मग जाड.
तिच्यात फेराइटचा काळा मणी अडकवला,
तान्ह्या पोराच्या मनगटात बांधतात तसा.
ॲडॉप्टर बदलला.
इरण्णा हत्तुरे वायरमन आला,
अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर मिठाचं पाणी ओतलं,
हात झटकून म्हणाला,
"आता पाताळापर्यंत लाइन क्लिअर हाय की, सर."
रेघा होत्या तिथंच.

मग गेलो गुंडेटींकडे.
म्हटलं, तुमच्या मोटारी माझ्या कॅमेऱ्यात शिरतात.
ते वहीत मजुरी मांडत होते.
मान वर न करता मुलाला तेलुगूत काहीतरी बोलले, तो हसला.
मग मराठीत: "माग बंद करतो. पगार तारे देतील का?"
मी आवाज चढवला.
नको होता चढवायला.

सुट्टीच्या रात्री माग गप्प.
पेठ इतकी शांत की समोरच्या घरात
कुणी कूस बदलली तरी खाटेवरून कळावं.
चित्र काढलं.
रेघा.

तेव्हा मेन स्विचच पाडला.
खालून बायको ओरडली, "फ्रिजात खवा आहे!"
मेव्हण्याच्या रिक्षाची बॅटरी दोन जिने चढवून आणली,
सगळं तिच्यावर जोडलं.
ना माग, ना मीटर, ना महावितरण.
रेघा.

आता संशय घ्यायला तिवईवरचंच उरलं.
एकेक पिन उपसत गेलो.
पंखा, नाही.
मोटर, नाही.
तिसरी पिन काढली
आणि पडद्यावरचा काळोख एकदम सपाट झाला,
इस्त्री फिरल्यासारखा.

ती पट्टी होती. भिंगाला गुंडाळलेली, गरम राहणारी,
काचेवर दव धरू नये म्हणून.
तिचा रेग्युलेटर सेकंदाला शेकडो वेळा
करंट चालू, बंद, चालू, बंद,
साबणाच्या डबीत बसवलेला, डाग मी दिलेला,
आणि मीच त्या रविवारी सगळ्यांना कौतुकानं दाखवलेला.
दव!
सोलापुरात, जिथं रात्री दोरीवर टाकलेला टॉवेल
पहाटे पापडासारखा मोडतो.

पट्टी काढून ठेवली. तासभर चित्रं घेतली.
ढग आला, त्याच्या पोटातले चार तारे आले,
कडेला पानाच्या पिंकेसारखा फिका लाल.
रेघा गेल्या.
एक सोडून.
डावीकडे, उभी, केसाएवढी.
ती कॅमेऱ्याची स्वतःची, जन्माची. तिला पिन नाही.
असा माल आम्ही सेकंडमध्ये टाकतो.
पाणी तेवढंच टिपतो तो.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून घेतला, गुंडेटींकडे नेला.
माफी तोंडात तयार होती, पण मागांच्या आवाजात
ती कितपत पोचली कुणास ठाऊक.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
फोटो खिडकीच्या उजेडात धरला,
तिरका केला, नाकाशी आणला,
ढगाकडे पाहिलंही नाही.
अंगठ्याचं नख नेमकं त्या उभ्या रेघेवर ठेवलं.
"ताणा तुटलाय," म्हणाले.

हो, म्हटलं मी.

तेवढ्यात नऊ नंबरचा माग थांबला.
फोटो वहीत खुणेसारखा घालून
ते गाठ मारायला उठले.