शेजारच्या खाटेवरचा

फहाहीलला, समुद्राच्या मागच्या गल्लीत,
टायरच्या दुकानावरच्या गच्चीवर
गुरुवारी रात्री आम्ही जमतो.
पाच माणसं, तीन गिटारी.
एसीच्या बाहेरच्या डब्यांची घरघर
आम्ही आता तानपुऱ्यात धरतो.

काल पास्कू लोपीसनं विषय काढला:
सगळ्यात आधी काय वाजवलंस?
गाणं नव्हे. शब्द नसलेली, नुसती धून.

त्याची स्वतःची वसईतली, गासच्या चर्चमागची.
मामाच्या लग्नाच्या आदल्या रात्री
बँडवाले जेवायला बसले
आणि यानं त्यांची गिटार उचलली.
"एकाच तारेवर वाजवली," म्हणाला, "पण पूर्ण."
मामी अजून ओळखते म्हणे.

रोडेलची त्याच्या गावातल्या आइस्क्रीमच्या गाडीची.
सात सूर, मग एक रिकामा ठोका,
कारण गाडीतल्या यंत्राचा आठवा दात तुटलेला.
तो ठोकासुद्धा रोडेल वाजवतो,
गिटारीच्या लाकडावर, हलकेच.

मुश्ताक परकार वाजवत नाही, चहा ओततो.
"मी खाडीच्या तरीवर शिट्टी घालायचो.
तरीवाला वल्हं उगारायचा,
रात्रीची शिट्टी घालतोस? साप येतील रांडेच्या."

मग माझी पाळी.

सत्याऐंशी साल, कुडाळ.
बाबा तेव्हा इथेच, शुऐबाच्या बंदरात.
पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे.
विजेचं बिल भरलंस का.
धाकट्याच्या कानात तेल घालू नकोस, डॉक्टरला दाखव.
आणि...
बाबांकडे बोलण्यासारखं फार नसायचं.
ते "आणि" म्हणून थांबायचे,
तेव्हा शेजारच्या खाटेवर कुणीतरी
गिटार वाजवत असायचं.

आई शब्दांसाठी कॅसेट मागे फिरवायची,
मी त्या "आणि"च्या पुढच्या जागेसाठी.
अरे, तिथे काही नाहीये, आई म्हणायची,
टेप झिजेल.

बाबल्या बँडवाल्याची गिटार मिळाली, पाच तारांची,
सहावीच्या जागी नुसती खुंटी.
दोन सूर अगदी जवळजवळ,
मग एक हळूहळू वर सरकणारा,
पोचतो न पोचतो तोच पुन्हा खाली.
मी तार बोटानं ओढून ओढून तो वर नेला.
बोटं सोलली, मग निबर झाली.
दिवाळीत सगळ्यांना ऐकवली.
मावशी म्हणाली, किती गं दुःखी चाल.

नव्वदला बाबा अम्मानवरून परतले.
हातात एक पिशवी,
पिशवीत दुसऱ्याच कुणाचा तरी स्वेटर.
मी विचारलं, कोण होता तो गिटारवाला?
म्हणाले, खोलीत आठ जण होतो रे.

तर काल मी ती वाजवली. सबंध.
खालून कचऱ्याची गाडी गेली.
थंकच्चन आमच्यात वयानं मोठा, बोलतो कमी.
त्यानं चष्मा काढला, लुंगीच्या टोकानं पुसला.
"ही धून नाही," म्हणाला.
"तो तारा जुळवतोय.
त्याची दुसरी तार उतरतेय सारखी,
बघ, तीनदा चढवली त्यानं.
खुंटी सैल असणार."

पास्कू इतका हसला की चहा सांडला.
हसलो मीही.
पस्तीस वर्षं रोज तारा जुळवतोय,
आणि माझ्या कानाला हे कळू नये!
कळलं असेल कधीतरी.
कानानं मला सांगितलं नसेल.

मुश्ताकनं सांडलेला चहा पुसला.
त्याला एकच प्रश्न होता:
"मग जुळल्यावर वाजवलं काय त्यानं?"

ते कॅसेटवर नाही, मी म्हणालो.
तोवर बाबांना
बोलायला काहीतरी सुचायचं.