दोन इंच माया

खोली नऊ बाय साडेदहा.
दार आत उघडतं, म्हणजे अडीच फूट दाराचे.
खिडकीखाली माझं मशीन. ते हलणार नाही,
त्याच्यावरच घराचे हप्ते फिटतात.

गळ्यात टेप घालूनच मी फिरते.
धायरीतल्या अर्ध्या सोसायटीची छाती, कंबर, मुंढा
मला पाठ आहे.
जोगळेकरांच्या सूनबाईंची बाही यंदा अर्ध्या इंचानं वाढली,
हे मला ठाऊक, त्यांना नाही.
पण भिंतीला टेप लावला की हात अडखळतो.
कापडात माया ठेवता येते,
आत दुमडून, उद्या उसवायला.
भिंत एक सूत देत नाही.

सिंहगड रोडच्या शोरूममध्ये
दुमजली पलंग होता, निळा, शिडीसकट.
पुष्कर चढून बसला तो उतरेना.
मैथिलीनं वर पाहिलं. "घरी याचं डोकं पंख्यात जाईल."
मग जरा थांबून, "जाऊ दे गेलं तर."
किंमत ऐकून आम्ही पाणी प्यायलो नि बाहेर आलो.

दुसऱ्या दुकानात ओढायचा पलंग,
दिवसा धाकटा थोरल्याच्या पोटात.
"मी कुणाच्या खाली झोपणार नाही,"
दोघंही एकदम म्हणाली.
वर्षभरातलं पहिलं एकमत.

मग मी जुन्या वर्तमानपत्रांचे पलंग बेतले,
फरशीवर चिकटवले.
काटकोनात. डोक्याला डोकं. डोक्याला पाय.
तीन दिवस आम्ही कागदांना वळसा घालून चाललो,
आणि माझा पाय चुकला की मैथिली ओरडायची,
"आई, माझ्या गादीवर चप्पल!"

भगीरथ सुतारानं टिंबर मार्केटातून प्लाय आणला.
"भाभी, जोडी बनवू की अलग अलग?"
नवरा म्हणाला, जोडी.
मैथिली म्हणाली, वेगळे.
मी म्हणाले, लाकूड एक, माप एक,
उशाचं ज्याचं त्यानं ठरवावं.
तिनं कप्पा मागितला, कुलूप लागेल असा.
त्यानंही मागितला, कारण तिनं मागितला.
"आत काय ठेवशील?"
"किल्ली," म्हणाला.

चादरी मी एकाच थानातून काढल्या,
तिची सुलट बाजूनं, त्याची उलट.
लांबून पाहिलं तर जोडी, जवळून वेगळ्या.
दोघांच्या मधे दीड फुटाची गल्ली.

पलंग बसले त्या संध्याकाळी कळलं,
एक दोन इंचांनी उंच झालाय.
भगीरथनं जीभ चावली, करवत काढली.
"राहू दे," मैथिली म्हणाली, "मोठी आहे मी,"
आणि मांडी घालून वर बसली.
पुष्कर काही बोलला नाही.
तो बोलत नाही तेव्हा मी मशीन थांबवते.

सकाळी केर काढायला वाकले,
तर त्याच्या पलंगाच्या चारी पायांखाली पुस्तकं.
पहिली, त्यावर दुसरी, त्यावर तिसरी.
मराठीवर मराठी, गणितावर गणित.
परिसर अभ्यास जाड, म्हणून एक कोपरा वर,
कूस बदलली की डुगडुगतो.

हा पलंग जिन्यानं चढवायला
भगीरथला दोन माणसं लागली होती.
आठ वर्षांच्या पोरानं एकट्यानं कसा उचलला,
मी विचारलं नाही.
मैथिली आरशाकडे तोंड करून वेणी घालत होती,
नको इतकी घट्ट.

टेप लावला.
"किती राहिलं?" पुष्करनं विचारलं.
"सव्वा इंच."
तो बोटं मोजायला लागला, चौथी, पाचवी, सहावी,
दुसऱ्या हातावर गेला.

"माझी पाचवीपर्यंतची माळ्यावर आहेत,"
आरशातून आवाज आला.
"सातवीची मागू नकोस."